पाणी सुटलेली कोशिंबीर

मराठी घरात कोशिंबिरीला मीठ सगळ्यात शेवटी पडतं. काकडी चोचवून तयार असते, दाण्याचं कूट वर पेरलेलं असतं, फोडणी गार होत असते; मीठ मात्र थांबतं. पानं मांडली, माणसं बसली, की मग चिमूट सुटते. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं आणि ते पानात पसरत वरणभातापर्यंत पोचतं. पाणी सुटलेली कोशिंबीर म्हणजे करणाऱ्याच्या हाताची चूक, असंच आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

इटलीच्या दक्षिणेला, नेपल्सच्या आखातात, काप्री नावाचं बेट आहे. त्याच्या नावाने ओळखली जाणारी टोमॅटो आणि ताज्या चीजची कोशिंबीर, इन्सालाता काप्रेझे, याच चुकीवर उभी आहे. तिच्यात टोमॅटोला पाणी सुटावं लागतं. चीजमधून पांढरट निवळी झिरपावी लागते. या दोन पाण्यांत ऑलिव्हचं तेल उतरतं आणि ताटलीच्या तळाशी गुलाबीसर, खारट-आंबट, तेलाचे डोळे असलेला रस साठतो. वरून वेगळं काही ओतायचं नसतं. हा रस जमला तर कोशिंबीर जमली.

हे मला कळायला वेळ लागला. ही कोशिंबीर मी पहिल्यांदा खाल्ली ती शहरातल्या एका उपाहारगृहात. टोमॅटो फ्रिजमधून थेट आलेले, चीज रबरासारखं, वर काळ्या गोड पाकाच्या रेघा. ताटली कोरडी ठणठणीत होती. चव लागली ती फक्त पाकाची. हा पदार्थ एवढा नावाजलेला का, असा प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि कित्येक महिने त्याच चुका स्वतःच्या हाताने करत राहिलो. पुढे एकदा टोमॅटो चिरून मीठ लावून ठेवले आणि दाराशी कोणी आल्यामुळे पंधरा मिनिटं तसेच राहिले. परत आलो तेव्हा ताटलीत रस उभा होता. तो बोटाने चाखला आणि कोडं सुटलं.

जिन्नस पाचच: टोमॅटो, मोझरेल्ला, बेसिल, ऑलिव्ह तेल आणि मीठ. शेगडी पेटवायची नाही. म्हणून हा पदार्थ सोपा समजला जातो, आणि कृतीपुरता तो सोपा आहेही. पण शिजवण्यात एक आसरा असतो. पाणचट टोमॅटो आमटीत पडला तर चिंच, गूळ, गोडा मसाला त्याला सांभाळून घेतात. इथे सांभाळून घेणारं कोणी नाही. टोमॅटो शेतात, चीज गवळ्याकडे आणि तेल घाण्यावर जसं झालं असेल तसं ताटलीत येणार. आपल्या हातात उरतं ते निवडणं, थांबणं आणि बिघडवू न देणं.

काप्री हे चुनखडीचं, कड्यांचं बेट, जेमतेम १० चौरस किलोमीटरचं. त्यावर नदी नाही. रोमन सम्राट तिबेरियस रोम सोडून इ. स. २७ मध्ये इथे येऊन राहिला आणि ३७ मध्ये मरेपर्यंत त्याने इथूनच साम्राज्य चालवलं. कड्याच्या टोकावरचा त्याचा महाल, व्हिल्ला योव्हिस, पाहायला गेलं तर मधोमध दिसतात ती पावसाचं पाणी साठवायची प्रचंड टाकी. महाल जणू टाक्यांभोवती बांधलेला. आपल्या डोंगरी किल्ल्यांवरची खोदीव टाकी पाहिलेल्या माणसाला तिथे ओळखीचं काही तरी भेटतं. आजही बेटाला पाणी येतं ते मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या नळाने. २२ जून २०२४ ला या पुरवठ्यातल्या बिघाडामुळे पर्यटकांना बेटावर उतरायलाच बंदी करावी लागली होती. त्याच दिवशी बंदी उठली म्हणून निभावलं. अशा कोरड्या खडकाच्या नावावर इतका रसाळ पदार्थ असावा, ही मला नेहमी विचार करण्यासारखी गोष्ट वाटते. उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर, दुपारी चूल पेटवणं नकोसं होतं आणि घसा सुकलेला असतो. तेव्हा जेवणातच पाणी असलेलं बरं.

जन्मकथाही सांगितल्या जातात. एका कथेत ही कोशिंबीर १९२० च्या दशकात बेटावरच्या क्विसिसाना हॉटेलात कवी फिलिप्पो तोम्माझो मारिनेत्ती याच्यासाठी मांडली गेली. मारिनेत्ती हा भविष्यवादी कलाचळवळीचा प्रवर्तक. पुढे डिसेंबर १९३० मध्ये त्याने पाककलेचा जाहीरनामा छापून पास्ता खाणं बंद करा, पास्त्याने माणूस सुस्त होतो, असं इटलीला बजावलं. पास्ता नको म्हणणाऱ्याच्या पुढे पिठाशिवायचं काय ठेवणार, असा या कथेचा रोख. हिरवा, पांढरा, लाल हे इटलीच्या झेंड्याचे रंग ताटलीत आपोआप जमतात, म्हणून तीही एक कथा जोडली जाते. कथा मला आवडतात, पण उन्हाळ्यात टोमॅटो पिकणाऱ्या आणि पलीकडच्या डोंगरावर रोज ताजं चीज होणाऱ्या मुलखात या दोन गोष्टी एका ताटलीत यायला कवी लागत नाही.

टोमॅटो मात्र तिथला नव्हे. त्याचं मूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडे, अँडीज पर्वताच्या बाजूला. माणसाने त्याला शेतात वाढवला तो मेक्सिकोत. तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल'पासून आपला 'टोमॅटो' आला. स्पॅनिशांनी तो सोळाव्या शतकात युरोपात नेला. १५४४ मध्ये वैद्य पिएत्रो आंद्रेआ मात्तिओली याने त्याची नोंद केली ती वांग्याच्या सोबत, वांग्याचाच एक प्रकार म्हणून. लोक तो वांग्यासारखाच तेलात तळून मीठमिरी लावून खातात, असंही त्याने लिहिलं. म्हणजे इटलीतल्या टोमॅटोच्या पहिल्या नोंदीतच मीठ आणि तेल हजर आहे. १५५४ च्या आवृत्तीत त्याने 'पोमी दोरो', सोन्याची फळं, हे नाव दिलं; आजचं 'पोमोदोरो' तेच. मात्तिओलीची नजर चुकीची नव्हती, दोन्ही झाडं एकाच कुळातली. मराठी माणसानेही हेच नातं पाहिलं. टोमॅटोला बेलवांगी हे नाव आपल्याकडे होतं. विदर्भात आजही त्याला भेदरं म्हणणारी माणसं भेटतात.

सोन्याचं नाव मिळूनही टोमॅटो बराच काळ शोभेचं आणि कुतूहलाचंच फळ राहिला. १५४८ च्या ऑक्टोबरअखेर तोस्कानाच्या कोझिमो दे मेदिची या सत्ताधीशाच्या पिसातल्या घरी टोमॅटोची टोपली पोचल्याचं त्याच्या कारभाऱ्याचं पत्र आहे. टोमॅटो येणं ही तेव्हा पत्रात कळवण्याजोगी घटना होती. छापील पाककृतीत तो आला तो दीडशे वर्षांनी, नेपल्समध्ये, १६९० च्या दशकात. आंतोनिओ लातिनी याच्या ग्रंथातली ती कृती वाचताना मी थबकलो: पिकलेले टोमॅटो निखाऱ्यावर भाजायचे, साल काढायची, बारीक चिरायचे, त्यात कांदा, मिरची, मीठ, तेल आणि व्हिनेगर. हे तर भरीत आहे. नुसत्या कच्च्या टोमॅटोवर भिस्त ठेवायला नेपल्सला पुढे आणखी बराच काळ जावा लागला.

टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं. चव सगळी उरलेल्या पाच-सहा टक्क्यांत. त्यात निम्म्याहून जास्त साखर, थोडी सायट्रिक आणि मॅलिक आम्लं, आणि ग्लुटामेट, ज्यामुळे टोमॅटोला एक भरीव, रश्शासारखी चव येते. हे ग्लुटामेट कुठे असतं, ते समजलं तर टोमॅटो चिरण्याची आपली पद्धतच बदलते. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात ते बाहेरच्या मांसल भागापेक्षा कितीतरी अधिक असतं. या कामात हेस्टन ब्लूमेंथल हा शेफही त्यांच्यासोबत होता. आपण कित्येकदा बिया आणि गर खरवडून टाकतो, 'पाणी नको' म्हणून. ज्याला पाणी म्हणून टाकतो त्यातच चव गेलेली असते.

बाजारातल्या टोमॅटोची चव कमी का झाली, याचं एक कारण २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं. पूर्वीच्या जातींचा कच्चा टोमॅटो देठाजवळ गडद हिरवा असे, खांद्यावर हिरवी शाल घेतल्यासारखा. त्यामुळे काढणीची वेळ ओळखणं अवघड जाई. पैदासकारांनी एकसारखा फिकट हिरवा राहणारा आणि एकसारखा लाल होणारा टोमॅटो निवडत नेला. त्या निवडीत फळातलं हरितद्रव्य वाढवणारं एक जनुक निकामी झालं आणि फळ स्वतः सूर्यप्रकाशावर जी थोडी साखर बनवत असे तीही गेली. दिसायला देखणं फळ चवीला उणं झालं. इटलीत कोशिंबिरीसाठी अजूनही खांद्याला थोडा हिरवेपणा असलेला, पुरता न पिकलेला टोमॅटो मुद्दाम निवडतात. सोरेंतोचा टोमॅटो तसाच: मोठा, गुलाबीसर, पैलूदार, आत गच्च मांस आणि मधे मधे गराच्या छोट्या खोल्या. सॉससाठी गाजलेला लांबट सान मार्झानो मात्र इथे उपयोगाचा नाही. तो शिजवण्यासाठीच बनलेला आहे.

आपल्याकडे नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांतून जो माल निघतो त्याला शेकडो मैल ट्रकमधून जायचं असतं. साल जाड, अंग टणक, आणि काढणी रंग चढू लागताच. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, मऊ टोमॅटो वाटेतच फुटेल. अशा टोमॅटोला घरी वेळ द्यावा. देठाची बाजू खाली करून, एकावर एक न रचता, टोपलीत दोन-तीन दिवस ठेवावा. अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबला आणि देठापाशी पानासारखा हिरवा वास आला, की तयार. मला स्वतःला गावरान, चपटे, पैलू असलेले टोमॅटो मिळाले तर तेच आवडतात. आंबट असतात, पण चीजच्या गोडव्याशी त्यांची जोडी जमते. ऋतूही पाहावा. तापमान ३० अंशांच्या वर गेलं की टोमॅटोचा लाल रंग, लायकोपीन, नीट तयार होत नाही, म्हणून मे महिन्यातले टोमॅटो पिवळट-नारिंगी राहतात. काप्रीत ही कोशिंबीर ऑगस्टची. महाराष्ट्रात मी ती थंडी ओसरताना करतो, जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत.

आणि फ्रिज नको. टोमॅटोचा वास कित्येक उडनशील द्रव्यांचा मिळून झालेला असतो. बाराएक अंशांच्या खाली ती द्रव्यं बनवणारी यंत्रणा मंदावते. फ्लोरिडा विद्यापीठात २०१६ मध्ये पिकलेले टोमॅटो सात दिवस ५ अंशांवर ठेवून पाहिले. पुन्हा उबेत आणल्यावरही गेलेला वास पुरता परतला नाही, कारण वासाची द्रव्यं घडवणारी जनुकं थंडीने मिटून गेली होती. साखर आणि आम्ल तेवढंच राहिलं होतं. म्हणजे जिभेला टोमॅटो आहे, नाकाला नाही. शिजवायचा असेल तर एक वेळ चालेल. कच्च्या टोमॅटोवर उभ्या असलेल्या पदार्थात हे नुकसान भरून काढता येत नाही.

आता चीज. मोझरेल्ला हा शब्द 'मोझारे', म्हणजे तोडणं, खुडणं, या क्रियापदावरून आला. तो कसा, हे तिचं काम पाहिलं की लगेच कळतं. दूध कोमट करून त्यात आदल्या दिवशीच्या निवळीचं विरजण घालतात. आपण कालच्या दह्याचं घालतो तसंच. मग रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातलं दूध गोठवणारं विकर. दही धरलं की ते अक्रोडाएवढ्या तुकड्यांत कापून निवळीखालीच काही तास आंबू देतात. सगळी कला या तासांत आहे. दुधातल्या केसिन या प्रथिनाचे कण कॅल्शियमने एकमेकांना घट्ट धरलेले असतात. आंबटपणा वाढतो तसं ते कॅल्शियम विरघळून निवळीत उतरतं आणि पकड सैल होते. कमी आंबलं तर दही ताणताना तुटतं, जास्त आंबलं तर पाण्यात विरतं. म्हणून कारागीर मधूनमधून एक तुकडा कढत पाण्यात टाकून ओढून पाहतो. न तुटता लांब दोरा निघाला की क्षण आला.

मग जवळजवळ उकळतं पाणी ओतून लाकडी दांड्याने ते दही उचलायचं, ताणायचं, घडी घालायची, पुन्हा ताणायचं. केसिनचे सैल झालेले धागे एका दिशेने ओळीत येतात आणि सगळा लगदा रेशमासारखा चमकू लागतो. त्याचा जाड दोर करून एक जण धरतो आणि दुसरा अंगठा व तर्जनीच्या चिमटीने गोळा खुडतो. हेच ते 'मोझारे'. गोळा थेट गार पाण्यात, मग मिठाच्या पाण्यात. धाग्यांच्या थरांमध्ये निवळी आणि स्निग्धांश अडकून राहतात, म्हणून ताजा गोळा कापला की त्यातून दुधाळ थेंब ओघळतात. मोझरेल्लाचं वजन घेतलं तर त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असतं. बार्तोलोमेओ स्काप्पी या पोपच्या आचाऱ्याने १५७० च्या ग्रंथात ताज्या मोझरेल्लांची नोंद केली आहे. म्हणजे टोमॅटो इटलीत बिचकत बिचकत वावरत होता तेव्हा ही त्याची जोडीदारीण ताटात बसलेली होती.

यातली सगळ्यात मानाची ती म्हशीच्या दुधाची, कांपानिया प्रांतातली. कासेर्ता आणि सालेर्नोच्या बाजूची मैदानं पूर्वी दलदलीची होती. गाई-घोडे जिथे टिकत नसत तिथे म्हैस सुखाने लोळत राहिली. अठराव्या शतकात नेपल्सच्या बूर्बों राजांनी कार्दितेल्लोला म्हशींचा गोठा आणि दुग्धशाळा चालवली. १९९६ पासून 'मोझरेल्ला दी बुफाला कांपाना' या नावाला युरोपात भौगोलिक संरक्षण आहे. ही नदीकाठची म्हैस मुळात आपल्या उपखंडातली. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ती इथे माणसाळली. पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी या आपल्या म्हशी आणि कांपानियातली म्हैस एकाच नदीवाल्या वंशाच्या. म्हैस खाल्लेलं कॅरोटीन सगळं जीवनसत्त्व अ मध्ये बदलते, म्हणून तिचं दूध आणि मोझरेल्ला शुभ्र. गाईचं थोडं पिवळसर. हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही, त्याने दोन्ही लोणी पाहिलेली असतात.

तरीही काप्रीची कोशिंबीर बहुधा गाईच्या दुधाच्या मोझरेल्लाची असते. तिचं नाव 'फ्योर दी लात्ते', दुधाचं फूल. समोरच्या सोरेंतोच्या द्वीपकल्पात मोंती लात्तारी नावाचे डोंगर आहेत. नावच दुधावरून पडलेलं. तिथल्या आजेरोला गावचं फ्योर दी लात्ते प्रसिद्ध आहे. ते म्हशीच्या मोझरेल्लापेक्षा थोडं घट्ट, थोडं कमी ओलं. पुन्हा प्रश्न पाण्याचाच. म्हशीची मोझरेल्ला चवीला श्रीमंत, पण तिला इतकी निवळी सुटते की टोमॅटोचा रस फिका पडतो. माझं मत फ्योर दी लात्तेकडे झुकतं. म्हशीची मिळालीच तर कापून वीस मिनिटं चाळणीवर ठेवावी आणि झिरपलेली निवळी टाकून न देता कणकेत घालावी.

आपल्याकडे पिझ्झासाठी मिळणारा पिवळट ठोकळाही मोझरेल्लाच म्हणवतो, पण त्याचं पाणी मुद्दाम काढलेलं असतं, तापल्यावर ताणण्यासाठी. तो इथे घालू नये. पनीरही नको. पनीर करताना तापलेल्या दुधात आम्ल घालतात. उष्णतेने निवळीतली प्रथिनं केसिनला चिकटून बसतात, मग ते ताणत नाही, वितळत नाही, आणि वजनाखाली दाबून उरलंसुरलं पाणीही आपण काढतो. पनीर-टोमॅटोची कोशिंबीर चांगली लागेल, तिला वेगळं नाव द्यावं. पाण्यात बुडवलेली ताजी मोझरेल्ला आता मोठ्या शहरांत मिळते, भारतात तयार झालेलीही. शाकाहारी वाचकांनी हिरवा ठिपका पाहून घ्यावी. तिच्यात वासराचं रेनेट नसतं. घेतल्यावर शक्य तर त्याच दिवशी खावी. फ्रिजमध्ये ठेवावीच लागली तर खाण्याआधी पिशवीसकट कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवावी. गार मोझरेल्लाचा स्निग्धांश गोठलेला असतो आणि ती दाताला रबरासारखी लागते. उपाहारगृहातली ती पहिली चव मला इथे समजली.

बेसिल ही तुळशीची सख्खी चुलत बहीण. एवढंच नव्हे, फालुद्यात घालतो तो सब्जा याच बेसिलच्या जातीचं बी. मी एकदा वाण्याकडचा मूठभर सब्जा कुंडीत पेरला आणि तो उगवलाही. मात्र त्याची पानं लहान आणि वासाला उग्र निघाली, लवंगेकडे झुकणारी. इटलीतल्या जातीची पानं मोठी, होडीसारखी फुगीर आणि वास गोडसर. तिचं बी रोपवाटिकांत मिळतं. झाड उष्ण प्रदेशातलं आहे, थंडीत त्याची पानं काळी पडतात, तेव्हा तोडलेली डहाळी फ्रिजऐवजी पाण्याच्या पेल्यात ओट्यावर ठेवावी. पानं सुरीने बारीक चिरली की कडा काळवंडतात. छोटी अख्खी ठेवावीत, मोठी वाढताना हाताने दुभंगावीत. काप्रीत बरेच जण वाळलेला ओरेगानोही चिमूटभर चुरडतात. मला तो आवडतो, विशेषतः टोमॅटो जरा फिका असेल तेव्हा.

तेल 'एक्स्ट्रा व्हर्जिन' हवं. त्यात मुक्त आम्लाचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के असतं आणि ते केवळ यंत्राने दाबून, रसायनांशिवाय काढलेलं असतं. ताजं असेल तर गिळताना घशात किंचित खवखवतं. ती ओलिओकँथल या द्रव्याची खूण, बिघाडाची नव्हे. व्हिनेगर घालायचं नाही, आणि बाल्सामिकचा काळा पाकही नाही. बाल्सामिक उत्तरेकडच्या मोदेनाचं. तिथे त्याची शान आहे. इथे आंबट काम टोमॅटो करतो, आणि दुधाच्या नाजूक गोडव्यावर आणखी आंबट चढवलं तर तो दिसेनासा होतो.

चार माणसांसाठी अर्धा किलो टोमॅटो आणि पाव किलो मोझरेल्ला. टोमॅटो देठाकडून टोकाकडे न चिरता आडवा चिरावा, दातेरी सुरीने, करंगळीच्या जाडीहून थोड्या पातळ चकत्या. आडवं चिरलं की गराच्या सगळ्या खोल्या एकदम उघडतात. चकत्या पसरट, किंचित खोल ताटलीत मांडून चमचाभर मीठ सगळीकडे पेरावं आणि दहा ते पंधरा मिनिटं हात लावू नये. या वेळात दोन गोष्टी घडतात. चिरल्यामुळे फाटलेल्या पेशींतली विकरं कामाला लागून तो ताजा, हिरवा वास तयार करतात. आणि मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं, साखर आणि ग्लुटामेटसकट. मोझरेल्लाही तेवढ्याच जाडीची कापून, पाच मिनिटं चाळणीवर ठेवून, चकत्यांच्या मधे मधे सरकवावी. मग बेसिल. सगळ्यात शेवटी तीन मोठे चमचे तेल, तेही कडेकडेने, म्हणजे ते रसात उतरतं. निवळीतली प्रथिनं तेलाचे थेंब थोडा वेळ धरून ठेवतात, आणि ताटली हलकेच तिरकी केली की तळाचा रस दाट दिसू लागतो. टोमॅटोचं लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. शरीरालाही ते तेलासोबत जास्त मिळतं. यापुढे फ्रिज नाही, झाकण नाही. लगेच खायला बसावं.

सोबत पाव हवाच, जाड कवचाचा. इटलीत ताटलीतला रस पावाच्या तुकड्याने पुसून खाण्याला 'स्कार्पेत्ता' म्हणतात, म्हणजे छोटा बूट. मेजवानीत कोणी ते करू नये असा शिष्टाचार सांगतात. घरात सगळे करतात.

काप्रीची दुसरी कथा पावाचीच आहे. इजिप्तचा राजा फारूक १९५१ मध्ये मधुचंद्राला या बेटावर आला होता. समुद्रावरून परतताना भूक लागली तेव्हा त्याला हीच कोशिंबीर पावात भरून दिली, आणि तिथून ती जगभर गेली, असं सांगतात. राजाचं माहीत नाही, पण पावाचं मी करून पाहिलं आहे. पाव आडवा चिरायचा, मिठात मुरलेल्या चकत्या, चीज, पानं आत रचायची, ताटलीत उरलेला रस वरच्या अर्ध्यावर शिंपडायचा आणि सगळं घट्ट कागदात बांधून अर्धा तास ठेवून द्यायचं. दापोलीजवळच्या एका किनाऱ्यावर फेब्रुवारीतल्या दुपारी ती पुडी सोडली तेव्हा कवच अजून कडक होतं आणि आतला भाग टोमॅटोने गुलाबी झाला होता. कागदाच्या घडीत चमचाभर रस उतरला होता. सोबतच्या मुलीने तो कागद वाकवून आधी तोच पिऊन टाकला.